पाडकामाची वर्गणी

इमारत उभी करायला पैसा लागतो, हौस लागते आणि नकाशा मंजूर करून देणारा ओळखीचा माणूस लागतो. पाडायला मात्र मालक लागतो. देशातल्या बहुतेक धोकादायक इमारती पैशावाचून नव्हे, तर मालकावाचून उभ्या आहेत, असं आमच्या कक्षाचं अधिकृत मत आहे. ते मत मीच टाइप केलेलं असल्यामुळे मला पूर्ण मान्य आहे.

मी मकरंद. झाशीतल्या एका सार्वजनिक कार्यालयाच्या 'जीर्ण व धोकादायक व्यापारी इमारत निर्मूलन कक्षा'त वरिष्ठ लिपिक. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण आमचं कार्यालय प्रसिद्धीच्या मागे नसतं. कक्षात आम्ही चारजण आहोत: प्रमुख कुशवाहा साहेब, मी, एक शिपाई आणि एक रिक्त पद. (चौघांपैकी रिक्त पदाविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही.)

पाडकामाचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न लोक उगाच अवघड करून ठेवतात. नियम अगदी स्वच्छ आहे. धोकादायक इमारत मालकानं स्वखर्चानं पाडायची. त्यानं नाही पाडली, तर कार्यालय पाडणार आणि खर्च मालकाकडून वसूल करणार. वसुलीची खात्री नसताना खर्च करणं म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी. आणि मालकच सापडत नसेल तर खात्री कसली? तेव्हा आधी मालक शोधायचा. तोवर इमारत वापरू नये, तिच्याखाली उभं राहू नये आणि शक्यतो तिनं पडू नये, अशा अर्थाची नोटीस तिच्यावरच चिकटवायची.

मानिक चौकातून बडा बाजाराकडे निघालं की डाव्या हाताच्या गल्लीत रतन मार्केट नावाची तिमजली इमारत होती. खाली साड्यांची आणि घड्याळदुरुस्तीची दुकानं, मध्ये फोटो स्टुडिओ, वर एका महिन्यात इंग्रजी शिकवणारा क्लास, असे एकूण चोवीस गाळे. नऊ वर्षांपूर्वी तिचा जिना खचला आणि दुकानदार एकेक करत उठून गेले. मालक तिघे भाऊ. थोरला वारला. मधला ग्वाल्हेरला गेला आणि तिथून पत्ता न ठेवता पुढे गेला. धाकटा कॅनडात किंवा कानपुरात असावा. (फाइलवर चहा सांडल्यामुळे नक्की लागत नाही.) कार्यालयानं दोन्हीकडे साध्या टपालानं नोटीस पाठवली.

नऊ वर्षांत एक्केचाळीस नोटिसा झाल्या. सगळ्या पूर्वेकडच्या भिंतीवर, एकीवर एक. सातव्या वर्षी कार्यालयाच्या इंजिनिअरनं पाहणी करून अहवाल दिला की सदर भिंत सद्यःस्थितीत मुख्यत्वे नोटिसा व खळ यांच्या आधारे उभी आहे. तेव्हापासून जुनी नोटीस खरवडायला सक्त मनाई झाली आणि नवी नोटीस हा भिंतीच्या देखभालीचा भाग मानला जाऊ लागला.

आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो असं कुणी समजू नये. पाडकाम या शीर्षाखाली अंदाजपत्रकात बारा हजार रुपये होते, ते निविदेच्या जाहिरातीत संपले. जाहिरात अशी होती की ठेकेदारानं इमारत फुकट पाडावी आणि मोबदल्यात मलबा, म्हणजे लोखंड, सागवान, विटा, घेऊन जावं. मोठमोठ्या शहरांत हीच पद्धत चालते. तीन ठेकेदार येऊन पाहून गेले. पण मधल्या काळात भुरट्या चोरांनी खिडक्या, ग्रिल, नळ, शटरं आणि जिन्याचा कठडा आधीच नेला होता. तिसरा ठेकेदार आत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "साहब, इसमें अब सिरफ बिल्डिंग बची है." आमच्या हिशोबानं चोरांनी नऊ वर्षांत अडतीस टक्के इमारत उतरवली, तीही जनतेचा एक पैसा न घेता. शेजाऱ्यांनी हटकलं नसतं तर काम वेळेत पूर्ण झालं असतं.

सुशोभीकरण या शीर्षात मात्र पैसा होता. मार्चअखेर तो परत जाणार होता, म्हणून इमारतीच्या दर्शनी भागावर दोन लाख साठ हजारांचं भित्तिचित्र काढून घेतलं. हिरवीगार झाडं, नाचणारा मोर आणि खाली 'अपना शहर, अपनी शान'. चित्रात मधोमध एक तडा जातो, पण चित्रकारानं हुशारीनं तिथं नदी काढली.

आता रमाकांतकाका. रमाकांत लघाटे, वय बहात्तर, रतन मार्केटला खेटून असलेल्या दोन खोल्यांच्या घराचे मालक. त्यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी कोकणातून दफ्तरदार म्हणून इकडे आले, आणि तेव्हापासून या घराण्याचा कागदावर विश्वास आहे. काकांनी स्वतः चौतीस वर्षं शहराबाहेरच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचे नट-बोल्ट तपासले. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे ते बावीस वर्षं खजिनदार होते. (झाशीत आम्ही मराठी माणसं मोजकीच. घरात मराठी बोलतो आणि भांडण वाढलं की हिंदीत जातो.) त्या बावीस वर्षांत एका रुपयाचाही घोळ झाला नाही, त्यामुळे मंडळात त्यांचा दराराही होता आणि थोडा रागही होता.

काकांच्या मागच्या अंगणात मोरी, आणि मोरीच्या बरोबर वर रतन मार्केटचा सज्जा. फेब्रुवारीत एका सकाळी इंदूकाकू भांडी विसळून आत वळल्या आणि मागे धप्पकन आवाज झाला. पाटाएवढा तुकडा पडला होता. कुकरचं झाकण चपटं झालं होतं.

त्या दिवसापासून काकू अंगणात हेल्मेट घालून जाऊ लागल्या. भांडी घासताना हेल्मेट, कुरडया वाळत घालताना हेल्मेट. भाजीवाला विचारायचा, "अम्माजी, स्कूटी कब ले ली?" मीही हसलो. काका हसले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, साधी सरळ भीती. काकू अंगणात गेल्या की परत येईपर्यंत ते दारात उभे राहायचे, एक हात चौकटीवर ठेवून.

मग एक दिवस ते आमच्या कक्षात आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मकरंदा, ती बिल्डिंग पाडायला एकूण लागतात किती, ते एकदा सांगून टाक."

मी कपाटातून मंजूर अंदाजपत्रक काढून दिलं. ते असं होतं:

इमारत कमकुवत असल्याची खात्री करण्यासाठी मजबुती चाचणी: चार लाख पंचवीस हजार.
पाडण्यापूर्वी इमारत पडू नये म्हणून तिला आधाराचे टेकू: सहा लाख चाळीस हजार.
प्रत्यक्ष पाडकाम: तीन लाख दहा हजार.
मलबा उचलणे: एक लाख नव्वद हजार.
शुभारंभ सोहळा (मंडप, फीत, नारळ, अल्पोपाहार): एक लाख साठ हजार.
इमारत दरम्यान स्वतःहून पडल्यास ती नियमानुसार पुन्हा पाडण्यासाठी राखीव: एक लाख पंधरा हजार.
एकूण अठरा लाख चाळीस हजार.

काकांनी दोनदा बेरीज केली. बरोबर आली, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला.

"मग वर्गणी काढू," ते म्हणाले.

इथं आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. वर्गणीच्या वहीचं पहिलं पान कोरं घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही. जो मागायला निघतो त्यानं सगळ्यात वर स्वतःचं नाव आणि आकडा लिहायचा. दुसरी रीत अशी, की पावती दिल्याघेतल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. या दोन रीतींवर झाशीतला मराठी गणपती इतकी वर्षं बसतो आणि वेळेवर उठतो. काकांना वाटलं, जिथं देव बसतो तिथं इमारत का पडू नये?

त्यांनी नवी वही आणली, वर 'रतन मार्केट पाडकाम निधी' लिहिलं आणि पहिल्या ओळीत स्वतःचे पाच हजार एक. पंधरा दिवस गल्ली पालथी घातली. सतरा नावं झाली, चौदा हजार तीनशे रुपये जमले. एका भांडेवाल्यानं पैशाऐवजी पातेलं दिलं, ते काकांनी नियमात बसत नाही म्हणून परत केलं. मग पैसे घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भरून घे. आणि पावती दे."

आमच्याकडे पावतीपुस्तकं तीनच. दंडाचं, शुल्काचं आणि 'मालकाकडून पाडकाम खर्चापोटी आंशिक भरणा' या नावाचं. तिसरं पुस्तक नऊ वर्षांत उघडलेलं नव्हतं, त्याची पानं एकमेकांना चिकटली होती. मी म्हटलं, "काका, पैसे ठेवून जा, पावतीचं बघू." काका उठेनात. बिनपावतीची वर्गणी त्यांनी आयुष्यात दिली नव्हती. जेवायची सुट्टी जवळ येत होती. मी तिसरं पुस्तक उघडलं, पानं सोडवली आणि 'रमाकांत लघाटे' या नावानं पावती फाडली. मनात म्हटलं, कागदच तर आहे. (हे वाक्य आमच्या कक्षात मोठ्यानं म्हणत नाहीत.)

पावतीचा क्रमांक संध्याकाळी कॉम्प्युटरमध्ये चढला आणि 'मालक अज्ञात' ही लाल खूण हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी कुशवाहा साहेबांनी स्वतः पेढे आणले. नऊ वर्षांचा तपास यशस्वी झाला होता. वरिष्ठ कार्यालयाचं अभिनंदनाचं पत्र आलं, त्यात 'चिकाटी' हा शब्द होता.

काकांना तिसऱ्या दिवशी नोटीस गेली. आजवरच्या बेचाळीस नोटिसांत माणसाच्या हातात पडलेली ही पहिलीच. उरलेले अठरा लाख पंचवीस हजार सातशे पंधरा दिवसांत भरावेत. शिवाय नऊ वर्षांचा विलंब दंड, चोवीस गाळ्यांचा कर, एक्केचाळीस नोटिसांची छपाई व खळ, आणि मालमत्तेचं सौंदर्य वाढल्याबद्दल भित्तिचित्राचा निम्मा खर्च. काकांची नात सई, जी मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीत देते, मोबाइल पाहून म्हणाली, "आजोबा, आप तो ऑनलाइन भी मालिक हो गए."

काका कुशवाहा साहेबांपुढे उभे राहिले. मी बाजूला फाइल धरून उभा होतो, म्हणून हे संभाषण शब्दशः देऊ शकतो.

"साहब, मी मालक कुठला? मैं तो पड़ोसी हूँ."

"दादा, बैठिए. पैसे आपने दिए?"

"दिए."

"किसी ने दबाव डाला?"

"नहीं, अपनी मर्ज़ी से."

"तो आप ही बताइए," साहेब अगदी मायेनं म्हणाले, "इस शहर में पराई बिल्डिंग के लिए अपनी मर्ज़ी से पैसा कौन देता है?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

चूक दुरुस्त होऊ शकत नाही असं नाही. नियमात तरतूद आहे: मालकानं लेखी द्यावं की अमुक व्यक्तीचा इमारतीशी संबंध नाही. नोंदीनुसार मालक रमाकांत लघाटे. तेव्हा रमाकांत लघाटे यांनी लिहून दिलं की रमाकांत लघाटे यांचा इमारतीशी काही संबंध नाही. कक्षानं ते तत्काळ स्वीकारलं. मात्र असं लिहून देण्याचा अधिकार फक्त मालकाला असतो, त्यामुळे त्यांची मालकी आता दोन कागदांनी सिद्ध झाली.

गल्लीत बातमी गेली. सतरापैकी सोळा वर्गणीदार दोन दिवसांत काकांच्या दारात आले. (सतरावे काका स्वतः.) भांडेवाला पातेलं आधीच परत मिळालेलं असतानाही आला. "बाबूजी, बिल्डिंग आपकी, और चंदा हमसे?" काकांनी एकेकाचे पैसे पदरचे परत केले आणि प्रत्येकाकडून परतफेडीची पावती घेतली. त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. जायची लाज वाटत होती, पण न जाण्याची जास्त वाटली असती.

काका वही घेऊन बसले होते. माझ्यावर रागावले नाहीत, आणि तेच मला झोंबलं. म्हणाले, "मालक आहे ना मी? मग मालकाला स्वतः पाडता येतं. नियम वाचला मी. दोनशे रुपयांचा अर्ज. बिजौलीकडचा ठेकेदार मलब्यासकट दोन लाख पंच्याऐंशी म्हणतोय. टेकू नको, मंडप नको."

"पण पैसे?"

काकांनी अंगणातल्या काकूंकडे पाहिलं. घरात एक ठेव होती, तीन लाखांची. लघाट्यांनी कोकण सोडल्याला सात पिढ्या झाल्या, तेव्हापासून कुणी परत गेलं नव्हतं. काकूंनी सासष्ट वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. मुलगा, सून, सई, सगळ्यांनी मिळून कुलदैवताला जायचं, चार दिवस किनाऱ्यावर राहायचं, असं ठरून ते पैसे बाजूला पडत गेले होते.

काकू हेल्मेट काखेत धरून अंगणातून आत आल्या. म्हणाल्या, "समुद्र कुठं जातोय? तो आहे तिथंच आहे. भिंत मात्र येतेय."

अर्ज तीन दिवसांत मंजूर झाला. मालकाचा अर्ज आमच्याकडे अडत नाही. मालकच नसतो, म्हणून अडतो. पाडकाम चार दिवस चाललं. काका खुर्ची टाकून समोर बसले, कारखान्यात बसत तसे, आणि कुठली वीट आधी कुठली मागून हे मजुरांना सांगत राहिले. पूर्वेकडची भिंत सगळ्यात शेवटी गेली. विटा सुटल्या, नोटिसा एकसंध खाली आल्या. धूळ बसल्यावर काकूंच्या मोरीवर ऊन पडलं. इमारत उभी राहिल्यापासून पहिल्यांदा. काकू उघड्या डोक्यानं अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या, आणि काका पहिल्यांदाच दारात जाऊन उभे राहिले नाहीत. मला फार बरं वाटलं. इतकं बरं कक्षात कधी वाटलेलं नाही.

सहाव्या दिवशी मालक आले. ग्वाल्हेरहून मधला (तो तिथून पुढे कुठं गेलाच नव्हता), विमानानं धाकटा (तो खरोखर कॅनडात होता), आणि वारलेल्या थोरल्याची चार मुलं. नऊ वर्षं ज्यांना नोटीस लागू होत नव्हती, त्यांना मोकळी जागा बरोबर लागू झाली. आमच्या कक्षानं तत्परतेनं नोंद दुरुस्त केली. काकांची थकबाकी रद्द झाली, याचा मला आनंद आहे. परतावा मात्र नाही. कार्यालय मालकांकडून वसूल करू शकत नाही, कारण कार्यालयानं काहीच खर्च केलेला नाही. काका मालकांकडून मागू शकत नाहीत, कारण दुसऱ्याची इमारत न विचारता पाडल्याबद्दल मालकांच्या वकिलाचं पत्र त्यांच्या टेबलावर पडलं आहे. मधल्या भावानं मोठ्या मनानं सांगितलं की लघाटेदादांनी लेखी माफी मागितली तर आम्ही पुढे जाणार नाही. काकांनी माफी लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि पोच घेतली. आता त्या जागेवर रतन प्लाझाचा पाया खणताहेत. सात मजले होणार आहे.

आमच्या वार्षिक अहवालात नोंद अशी आहे: रतन मार्केट, पाडकाम पूर्ण, कार्यालयाचा खर्च शून्य, जीवितहानी शून्य, कालावधी नऊ वर्षे चार दिवस. शून्य खर्च पाहून वरिष्ठांनी ही पद्धत सगळ्या शहरांसाठी आदर्श ठरवली आहे. तिच्यासाठी पैसा लागत नाही, यंत्रं लागत नाहीत. प्रत्येक धोकादायक इमारतीशेजारी एक माणूस लागतो, ज्याला ती बघवत नाही. असा माणूस आधीच शोधून ठेवावा म्हणून यंदापासून घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं. प्रश्न एकच आहे: 'आपल्या भागातल्या पडक्या इमारतीबद्दल सर्वाधिक कळकळ कुणाला वाटते?'

आमचा माणूस तुमच्याकडेही येईल. घाबरू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर अशी एक इमारत आहे आणि तिच्याखालून जाताना तुम्ही पावलं भरभर उचलता, हे त्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही सांगणारही नाही. तुम्ही काय सांगाल तेही मला माहीत आहे. आतापर्यंतच्या सत्त्याण्णव टक्के लोकांनी तेच सांगितलं: मला काही नाही बुवा, शेजारच्यांना विचारा. आणि सोबत शेजाऱ्याचं पूर्ण नाव, घर क्रमांक, मोबाइल दिला.

तुमच्या शेजाऱ्यांकडे आमचा माणूस परवाच जाऊन आला.